लिफ्टमधलं लाल बटण

भरदुपारी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये मिस्त्रीची थोरली बहीण पन्नास मिनिटं अडकली. मदतीचं लाल बटण तिनं बोट दुखेपर्यंत दाबलं, पण फोन कुणाला गेलाच नाही. शेवटी शेजारणीनं तिच्या हाका ऐकल्या. त्या लिफ्टची देखभाल मिस्त्रीकडेच होती, हे त्याला जास्त झोंबलं.

बटणामागच्या डबीत सिमकार्ड असतं, फोन तीच लावते. डबीवरचा दिवा तर हिरवागार होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ती उपटली, ती बनवणाऱ्या कंपनीत नेली आणि तिथल्या साहेबांच्या टेबलावर आपटली.

"नेटवर्क गेलं असेल, आम्ही काय करणार?" साहेब म्हणाले.

"माझा फोन तिथंच खणखणीत चालत होता."

साहेबांनी तपासणीच्या बाईंना बोलावलं. त्यांनी डबी लॅपटॉपला जोडली, नोंदी वाचल्या आणि त्यांचा आवाजच बदलला.

"नेटवर्क गेलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी नेटवर्कनंच हिला बाहेर काढलं. त्यांचं काही काम निघालं की काढतात. आपला साधा मोबाइल आपणहून परत जोडून घेतो. आपली डबी नेटवर्कच्या बोलावण्याची वाट बघत बसली."

"तीन आठवडे? आणि हा दिवा?"

"वीज आहे, एवढंच सांगतो तो." त्या साहेबांकडे वळल्या. "मी हे मागच्या वर्षीच लिहून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, क्वचित होतं, नंतर बघू."

"बाई, बाहेरच्या माणसासमोर नको."

"बहीण त्यांची अडकली होती, साहेब. तुमची नाही."

मिस्त्रीनं विचारलं, "दुरुस्ती कधी?"

"पंधरा दिवस तरी. डबीचा प्रोग्राम नव्यानं लिहावा लागेल. डबीनं स्वतःहून नेटवर्कवर परत जायचं. त्यांनी घेतलं नाही तर थांबून पुन्हा, दर वेळी जरा जास्त थांबून. सगळ्या एकदम धडकल्या तर नेटवर्क सगळ्यांनाच हाकलेल, म्हणून प्रत्येकीची वेळ वेगळी. शिवाय रोज इथं एक निरोप पाठवायचा. तो चुकला की आम्ही तुम्हाला फोन करू."

"तोवर मी माझ्याकडच्या प्रत्येक लिफ्टमध्ये कागद चिकटवतो. बटण बंद आहे म्हणून."

"कंपनीची अब्रू जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या."

कागद बाईंनीच छापून दिले. संध्याकाळपर्यंत एकतीस लिफ्टमध्ये ते लागले.

नवा प्रोग्राम सतराव्या दिवशी आला. मिस्त्री बाईंना घेऊन लिफ्टमागून लिफ्ट फिरला. सिमकार्डवाल्यांना सांगून एकेक डबी मुद्दाम बाहेर काढायला लावली. परत जोडली गेली, की बटण दाबून फोन लागतो का ते बघायचं, मगच कागद फाडायचा.

तीस कागद फाटले. एक डबी काही केल्या जोडली गेली नाही. मिस्त्रीनं तिथला कागद तसाच ठेवला आणि साहेबांना फोन लावला.