धुराची डबी

भुवनेश्वरनं दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकले, खिशातली सुतळी काढली आणि शेगडीला आडवी लावली. सुतळीला दोन गाठी होत्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे गाडीतल्या ओट्याची लांबी. शेगडी गाठीच्या आत दोन बोटं राहिली.

"बसते," तो म्हणाला.

"बैठेगीच, काका. गाडीसाठीच बनली आहे ही." छोटेलाल गल्ल्यामागून बाहेर आला. गोंदियाच्या बाजारात भांड्यांचं एवढं मोठं दुसरं दुकान नव्हतं, आणि हे तो दर गिऱ्हाइकाला एकदा तरी ऐकवायचा. "गाडी कोणती म्हणाले?"

भुवनेश्वरनं हनुवटीनंच बाहेर दाखवलं. रस्त्याच्या कडेला त्याची पांढरी ट्रॅव्हलर उभी होती. सतरा वर्षं तो त्याच गाडीतून तिरोड्याच्या वीज कारखान्यातल्या माणसांची ने-आण करत होता. कारखान्याला ती जुनी झाली तेव्हा त्यानंच ती घेतली, बाकं उपटून फेकली, आत पलंग बसवला, ओटा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. गावातली माणसं येऊन वाकून पाहून जायची आणि पाठ फिरली की म्हणायची, चार खोल्यांचं घर सोडून पोवार आता डब्यात राहणार. म्हणोत. परवा पहाटे तो बायकोला घेऊन माळव्यात निघणार होता. आपले पोवार लोक धारहून आले, असं लग्नाकार्यात प्रत्येक म्हातारा सांगतो. धार कोणी पाहिलेली नसते.

ती बायको, दुर्गेश्वरी, दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ती दोनदा थांबली होती. मांडीवरच्या पिशवीत औषधाचा पंप होता आणि पिशवीचं तोंड तिनं उघडंच ठेवलं होतं.

"अजून एक छोटी आहे," छोटेलालनं खोक्यातून चपटी शेगडी काढली. "इसमें गॅसची डबी आत बसते. हातात घ्या, हलकी आहे."

"ही डबी वाटेत खंडव्यात भेटते?"

छोटेलाल हसला. "खंडव्याचं मी कसं सांगू, काका?"

"मंग राहू दे." ड्रायव्हर माणूस सामान घेताना रस्ता आधी पाहतो. मोठीला नळी होती, पाच किलोचं सिलिंडर लागत होतं, ते तो भरून सोबत नेणार होता. दोन बर्नर, वर बिडाची जाळी, पाय दुमडणारे, घट्ट बसणारं झाकण. त्यानं ती पंख्याखाली ओढली. "पेटवा. वाऱ्यात टिकते का पाहू."

छोटेलालनं पेटवली. निळी ज्योत वाकली, पण विझली नाही.

"का रांधाचा जी यावर?" दुर्गेश्वरीनं खुर्चीवरूनच विचारलं.

"काही बी. वांगा भाज. मासोळी भाज." त्यानं झाकण लावून पाहिलं. "झाकण लावला तं गाकरबी होते म्हणते."

"अस्सं!" ती हसली, आणि हसण्याच्या शेवटी खोकला आलाच. "मी म्हणून राहिली, नवरा मले देवाले घेऊन चालला. हा तं गाकर खायले चालला. रांधणारीन संग पायजे म्हणून मी."

छोटेलाल मोठ्यानं हसला. भुवनेश्वरही हसला. पण त्याचे कान तापले, कारण ते खरं होतं.

गाकर. जाड भाकर, निखाऱ्यावर भाजलेली, वरून करपलेली, आतून दुधासारखी. तिच्यापायीच सगळं झालं होतं. त्याच्या घरी गॅस सहा वर्षांपूर्वीच आला होता. आला आणि समोरच्या खोलीत स्टुलावर बसला, अंगावर दुर्गेश्वरीनं विणलेलं झाकण घेऊन. पाहुणे आले की त्यावर चहा व्हायचा. रोजचा स्वयंपाक चुलीवर. "गॅसवरची भाकर रबर लागते," असं भुवनेश्वर ताटावर बसून म्हणायचा, आणि चुलीपुढे बसलेली बाई फुंकणी उचलायची. चुलीच्या चवीचं कौतुक सांगणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी फुंकणी तोंडाला लावलेली नसते. भुवनेश्वरनंही नव्हती लावली.

वर पुन्हा तो ग्रामपंचायतीत मेंबर. गावाच्या वेशीवर 'धूरमुक्त गाव' अशी हिरवी पाटी लागली, तिच्या कागदावर त्याची सही. त्या संध्याकाळी त्यानं घरी येऊन गाकर आणि वांग्याचं भरीत खाल्लं होतं.

म्हणूनच, वर्षभरापूर्वी इथेच गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरनं "घरी चूल का गॅस?" असं विचारलं तेव्हा दुर्गेश्वरीच्या आधी तोच बोलला होता. "गॅस हाये आमच्या घरी. पाच वर्षं झाले." बाकावर गावातली दोन माणसं बसली होती. दुर्गेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहिलं. डॉक्टरनं लिहून घेतलं. घरात धूरच नाही म्हटल्यावर धूर बंद करा असं तो कशाला सांगेल? अजून आठ महिने चूल पेटत राहिली. एका सकाळी ती चुलीपुढेच आडवी झाली, तेव्हा कुठे स्टुलावरचं झाकण निघालं.

पण बोललेला शब्द काही त्यानं परत घेतला नाही. डॉक्टर औषधं बदलत होता. दर वेळी कागद उलटून स्वतःशीच म्हणायचा, "धूर नाही, तंबाखू नाही, मग हे कशानं?" आता त्यानं ठरवलं होतं की माळव्यातून आल्यावर तिला नागपूरला पाठवायचं. घशातून नळी घालून फुप्फुसाचा बारीक तुकडा काढायचा आणि तपासायचा. जे उत्तर भुवनेश्वरच्या जिभेवर बसलेलं होतं, ते शोधायला तिच्या छातीत नळी जाणार होती. ती त्या नळीला भीत होती. झोपेत दोनदा ओरडली होती.

"और ये देखो, काका. ही यासोबत फ्री." छोटेलालनं तळहातावर एक लोखंडी डबी धरली. काडेपेटीहून जरा मोठी, झाकणाला बारीक भोकं. "यात लाकडाचे तुकडे टाकायचे, ज्योतीवर ठेवायची, झाकण बंद. अंदर धुआँ फिरता है. एकदम चुलीचा टेस्ट. नागपूरवाले खास मागतात."

तुकडे डबीत आधीपासूनच भरलेले होते. त्यानं ती ज्योतीवर ठेवली आणि झाकण पाडलं. भुवनेश्वर पाहत राहिला. झाकणाच्या फटीतून एक पांढरी रेघ निघाली, पंख्यात सापडली, आणि सगळ्या दुकानात बाभळीच्या जळत्या लाकडाचा वास पसरला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. स्वतःच्याच तोंडाची त्याला किळस आली.

मागे खुर्ची सरकली.

दुर्गेश्वरी पुढे वाकली होती. एक हात छातीवर, दुसरा पिशवीत. खोकला येत नव्हता, श्वासच येत नव्हता.

"बंद कर!" भुवनेश्वर ओरडला. "बंद कर म्हणतो ना ते!" तो धावला, पंप त्यानंच काढला, तिच्या तोंडाला लावून दाबला. एकदा. परत एकदा. छोटेलालनं गॅस बंद केला, ती डबी चिमट्यात धरून बाहेर नालीत टाकली आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

थोड्या वेळानं तिचे खांदे खाली बसले. तिनं पदरानं डोळे पुसले.

"माफ करा, ताई," छोटेलाल खरोखर घाबरला होता. "दमा आहे का? घरी अजून चूल आहे का तुमच्या?"

भुवनेश्वरनं तोंड उघडलं. पण ती आधी बोलली. धाप होती, तरी एकेक शब्द नीट लावून बोलली, पाठ केलेला धडा म्हणावा तशी.

"नाही. गॅस हाये आमच्या घरी. सहा वर्षं झाले."

त्याचीच वाक्यं. फक्त पाचाचे सहा केलेले. या दुकानदाराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, तरी त्याच्यासमोरसुद्धा ती नवऱ्याची अब्रू झाकत होती, अर्ध्या श्वासात.

"चूल," भुवनेश्वर म्हणाला.

"जी?"

"चूल होती. चार महिन्यांआधीपर्यंत. गॅस होता, पण मी वापरू देल्लो नाही. मले गाकर पायजे होता."

 छोटेलालनं मान हलवली, "होता है, काका," असं काहीतरी पुटपुटला आणि शेगडी खोक्यात भरायला घेतली. चिकटपट्टी चरचरत फिरली. भुवनेश्वर तसाच उभा राहिला. इतकं मोठं तोंडातून निघालं होतं आणि दुकानात काहीच हललं नव्हतं.

दुर्गेश्वरी खाली फरशीकडे पाहत होती.

"त्यायले कायले सांगून राहिले?" ती हळूच म्हणाली. "ज्याले सांगाचा होता, त्याले सांगा ना."

खोकं त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवलं. तिला हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, काच खाली केली. स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहिला. गाडीचं तोंड तिरोड्याच्या रस्त्याकडे होतं, घराकडे. समोरच्या काचेखाली दवाखान्याची फाईल पडली होती, उन्हानं कोपरे वाकलेली. परवाच्या प्रवासासाठी त्यानंच ती तिथे ठेवली होती.

गावातल्या माणसांचा विचार त्याच्या मनात आला. त्या हिरव्या पाटीचा आला. मग त्यानं आरशात पाहिलं, हात बाहेर काढला आणि भर बाजारात गाडी वळवायला घेतली. मागून हॉर्न वाजू लागले. एक रिक्षावाला आईवरून बोलला. आतलं खोकं घसरत जाऊन ओट्यावर आदळलं. दोघांनीही मागे पाहिलं नाही.

दुर्गेश्वरीनं फाईल उचलली, मांडीवर घेतली आणि वरची धूळ पदरानं पुसली.

"पाचले बंद होते दवाखाना," ती म्हणाली. "लवकर चालवा जी."