खोक्याच्या लाकडाची गिटार

ताईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिची लाडकी गिटार भिंतीवरच लटकून राहिली. गिटार चांगल्या भारी लाकडाची, पण वजनाला धोंडा. पट्टा डाव्या खांद्यावर चढवला की दुसऱ्या गाण्यालाच ताईचा चेहरा कसनुसा व्हायचा. बँडमधल्यांनी सुचवलं, बसून वाजव. ताई म्हणाली, "बसून भाजी निवडतात. स्टेजवर मी उभीच राहणार." एकदा तिने ठरवलं की ठरवलं. आज संध्याकाळी ती बँड सोडत असल्याचं सांगून मोकळी होणार होती. त्याआधी धाकट्या भावाने बनवलेली गिटार "एकदा बघून जाते" म्हणाली होती, तीही उपकार केल्यासारखी.

भावाचा धंदाच गिटारी बनवण्याचा. ताईने वाजवणं सोडलं तर घरात कसली शांतता पसरेल, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. म्हणून त्याने पाइन घेतलं. पाइन म्हणजे पॅकिंगची खोकी करतात ते. अंगाने हलकं, आवाजाला मोकळं. पण ताईला हे सांगायची सोय नव्हती. एका गिऱ्हाइकाची पाइनची गिटार बघून ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती, "खोक्याला तारा लावल्यात." तेव्हा भावाने गिटारीला गडद निळा रंग फासला, भुसा पोत्यात भरून टेबलाखाली ढकलला आणि रंग लवकर वाळावा म्हणून सकाळपासून गिटार मोठ्या दिव्याखाली ठेवली.

ताई त्याच्या कारखान्यात आली. नाक वर करून म्हणाली, "फरशी पुसलीस का रे? फिनेलचा वास येतोय."

"हो तर," भाऊ म्हणाला. त्या कारखान्यात फरशी कुठे आहे, हे शेवटचं कधी दिसलं होतं कोण जाणे.

ताईने गिटार गळ्यात अडकवली, भुवई उंचावली, अँप्लिफायर चालू केला. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याच्या मध्यावर तिने हात उचलला, आणि हाताबरोबर गिटारही उचलली गेली. कोपरापुढचा हात बॉडीला चिकटला होता.

आता कुठे भावाच्या लक्षात आलं. पाइनच्या गाठीतून उष्णतेने डिंक सुटतो, रंगाआधी तिच्यावर लाखेचा हात द्यावा लागतो. जन्मभर भारी लाकडं कापलेल्या या शहाण्याला ते सुचलंच नव्हतं. वर दिव्याचा शेक.

ताईने हात हुंगला. तोच फिनेलसारखा वास. "पाइन!"

"थोडंसं," भाऊ म्हणाला.

"थोडंसं? मला खोकं वाजवायला दिलंस? सख्ख्या बहिणीला?"

"आवाज वाईट आहे का, सांग ना."

"वाईटच असणार! थांब, दाखवते तुला."

आणि ती दाखवायला लागली. जाड तारांवर हा आवाज गुरगुरेल म्हणाली; तो गुरगुरला नाही. वरच्या पट्टीत किरकिरेल म्हणाली. तिथे तो असा खुलला की ती आणखी चिडली. मग बँडची झाडून सगळी गाणी काढली. जलद, संथ, आणि ते न संपणारं, ज्यात ड्रमवाल्यालाही घाम फुटतो. दर गाण्याअंती "हे बघ," म्हणायची, आणि दाखवण्यासारखं काही न सापडल्यामुळे पुढचं सुरू करायची. भाऊ स्टुलावर बसून ऐकत होता. बोललो तर मार खाऊ, एवढं त्याला कळत होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी ताईचं भांडण संपेना.

शेवटी त्याला राहवलं नाही. "ताई, खांदा?"

ताईचा हात तारांवर थबकला. तिने मान वळवून आपल्या खांद्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. हळूच उचलून बघितला. डोळे भरून आले, आणि ते लपवायला हात मोकळा नव्हता.

"गाढवा," ती म्हणाली, "विसरले होते ना मी. आठवण कशाला करून दिलीस?"

फोन वाजला. बँडवाल्यांचा होता. "काय ठरलं तुझं?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"उद्याची प्रॅक्टिस किती वाजता?" ताई म्हणाली, उभ्यानेच.