आक्कासाठी रक्त

आई गेली तेव्हा झुंबर रांगत होती. तिला कडेवर घेऊन वाढवलं थोरल्या बहिणीनं, बयाआक्कानं. पुढं झुंबर लग्न होऊन गडमुडशिंगीला आली. आक्काचं सासर पन्हाळ्याच्या पायथ्याला. अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगं, पण नवऱ्याची, नागसेनची, शिरोलीच्या कारखान्यातली पाळी, पोरांची शाळा, सासूचं दुखणं, यातून दोघींची गाठ पडायची ती लग्नात नाहीतर मयतीला. चार दिवस आक्काजवळ राहावं, तिच्या हातचं खावं, एवढंच झुंबरच्या मनात घोळत राहिलं.

दोन हजार चार साली आक्काचं गर्भपिशवीचं ऑपरेशन कोल्हापुरात ठरलं. रक्ताची बाटली लागेल, असा निरोप आला. झुंबर लगेच उठली.

"माझं घ्या की! एवढं अंग काय शोभेला हाय?"

तीन बाळंतपणांनंतर ती सुटत गेली होती. जिना चढताना धाप लागायची, उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. "खाऊन माजलीया," सासू म्हणायची. पण भाजी, उसळ सगळ्यांच्या ताटात संपायची. हिच्या वाट्याला उरायचा भात, आमटीचं पाणी आणि दिवसभर गोडमिट्ट चहात बुडवलेला पाव.

रक्तपेढीतल्या बाईनं झुंबरच्या बोटाला सुई टोचली आणि थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब बुडेना, वरच तरंगत राहिला.

"तुमचं चालणार न्हाय, मावशी. तुमच्याच अंगात रक्त कमी हाय."

आक्काचा लेक प्रसेनजीत मोठ्यानं हसला. "मावशीच्या अंगात रक्त न्हाय? मग हाय तरी काय?" आणि बाही सरकवून तोच पुढं झाला.

झुंबर बाकावर बसून रडली. आक्काला काही द्यायची एकदाच वेळ आली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. "वजन वाढलं म्हणजे रक्त वाढलं असं नसतं. पाळीत फार जातं का?"

झुंबरनं मान हलवली. "धाकटीच्या बाळंतपणापास्नं."

"मग मला बोलली का न्हाईस?" तिच्याबरोबर आलेल्या नागसेननं विचारलं.

"मला बघून कुणी खरं मानलं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, नागसेननं चिठ्ठी घेतली.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी आक्का उशीला टेकून बसली, तेव्हा प्रसेनजीतनं तिला सगळं सांगितलं. तिनं झुंबरचा हात ओढून घेतला, पांढरीफटक नखं बघितली.

"माझंच बघून शिकलीस. मीबी जलमभर उरल्यालंच खाल्लं." मग नागसेनकडं वळली. "पावणं, माझी जखम भरली की हिला माझ्याकडं धाडा."

"आन् घरचं?"

"तुम्ही हाईसा की."

श्रावणात झुंबर खरंच गेली. आक्का तव्यावरनं भाकरी काढून तिच्या ताटात टाकायची, वर मेथी नाहीतर मटकी, आणि स्वतःचं ताटही शेजारीच वाढून घ्यायची. दोघी बोलत बोलत जेवायच्या. पण सासू घसरून पडली आणि नागसेन तिसऱ्याच दिवशी न्यायला आला.

लोहाच्या गोळ्या, पाळीवरचं औषध सुरू राहिलं. वजन काही हटलं नाही, अंधारी मात्र यायची थांबली. आता झुंबर सगळ्यांबरोबरच ताट घेऊन बसते. सासू बघत राहते. झुंबर बघत नाही. पहिला घास मोडताना तिचा हात मात्र रोज थांबतो. आक्का तिकडं परत सगळ्यांच्या मागनं एकटीच बसत असंल, नीट जेवली असंल का?