चाळीस पावलांवरचा खांब

किनारा राखण मंडळात वाळू मोजण्याचं काम थोरलीचं. दर वर्षी उधाणाचे दिवस सरले की मंडळाच्या खांबापासून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत ती पावलं टाकायची आणि फळ्यावर आकडा लिहायची. अकरा वर्षं आकडा एकच, चाळीस. समुद्रच मंडळाचा सभासद झाला होता जणू!

किनाऱ्यालगतच्या शेवटच्या घरात राहणारी धाकटी बहीण कुरकुरायची, "ताई, पाणी जवळ आल्यासारखं वाटतंय गं. घर सोडू का?"

"वेडी की काय? मी मोजतेय ना!"

यंदा थोरली दोन दिवस आधीच किनाऱ्यावर आली. खांब गायब. मंडळाचा सुतार नवा खांब खांद्यावर आणि पहार हातात घेऊन उभा. हा गडी एवढा आळशी, की त्याची सावलीसुद्धा त्याच्याआधी घरी पोचायची.

"जुना किडला वाटतं? होता तिथंच रोव."

"तिथं पाणी आहे, ताई."

"मग दर वर्षी कुठं रोवतोस?"

"पाण्यापासून चाळीस पावलांवर. फळ्यावर तसंच असतं की!"

"किती वेळा रोवलास असा?"

सुतारानं बोटं मोजली. एक हात संपला, दुसरा संपला. मग त्यानं चपला काढल्या.

थोरलीनं समुद्राकडे पाहिलं. मंडळानं पहिल्या वर्षी लावलेल्या झुडपांचे वाळके शेंडे लाटांतून वर आले होते आणि त्यांवर खेकडे पाय पसरून ऊन खात होते. खाली उतरायची त्यांना अजिबात घाई नव्हती.

"मोज," ती म्हणाली.

सुतार पाण्याच्या रेषेपासून निघाला. एकतिसाला धाकटीचं कुंपण. पस्तिसाला अंगण. अडतिसाला उंबरा.

"अहो, चपला काढा!" आतून धाकटी ओरडली.

"काढल्यात," सुतार म्हणाला आणि चाळिसावं पाऊल त्यानं चुलीसमोर टाकलं. मग सवयीनं पहार आपटली.

फरशी तडकली. खालून कुणीतरी आवंढा गिळावा तसा आवाज आला आणि भेगेतून पाणी वर आलं. थोरलीनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

धाकटी हसतच पुढे आली. "नळ फुटला असेल. ताई, तू मोजलंयस ना?"