शाळेचे नापास

चोपड्याच्या त्या छोट्या हायस्कुलात दहावीची तुकडी एकच. त्यातली निम्मी मुलं सातपुड्यातल्या पाड्यांवरची, पावरा समाजातली. बाकीची गावातल्या मजुरांची, कारागिरांची. पहिल्या चाचणीचा निकाल लागला तसे संस्थेचे अध्यक्ष गौतमचंदशेठ शाळेत येऊन बसले आणि गणिताच्या कहकशा शेख मॅडमना बोलावणं गेलं.

"पाड्यावरची पोरं निकाल खाली ओढताहेत," शेठ म्हणाले. "लोक शंभर टक्केवाल्या शाळेकडे पळतात. आठवीला मुलं मिळेनाशी झालीत. उद्या तुकडीच बंद पडली तर? यांची नावं काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा."

शेठ दुष्ट नव्हते. शाळा टिकावी म्हणून त्यांचा जीव तुटायचा. 

"नापास झाली तर आपल्या शाळेची म्हणून होऊ देत, शेठजी," कहकशा म्हणाली. "नाव कुणाचंच काढायचं नाही. निकाल पडला तर माझं नाव सांगा."

बोलून ती तडक वर्गाकडे गेली. तिनं पाड्यावरच्या मुलांचे पेपर पुन्हा काढले. नुसती समीकरणं बहुतेकांनी सोडवली होती. शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. तिनं पाड्यावरच्या झुलालला उभं करून एक उदाहरण वाचायला लावलं. त्यानं घडाघडा वाचलं, पण काय करायचं ते त्याला कळेना. मागच्या बाकावरची रायली पावरी बोलीत त्याला काहीतरी म्हणाली, तसा तो फळ्याकडे गेला आणि उदाहरण सोडवायला लागला.

कहकशाला स्वतःची पाचवी आठवली. घरात उर्दू, शाळेत मराठी. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायची लाज वाटायची म्हणून ती वही कोरीच ठेवायची.

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी जादा तास सुरू झाला. रायली फळ्याजवळ उभी राहून प्रत्येक उदाहरण आधी पावरीत सांगायची, मग सोप्या मराठीत. काही दिवसांनी गावातली मिसबाहही येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, मलाही हे असंच फोडून सांगितलं की कळतं."

केळीची कापणी जोरात आली की मुलं गळायची. कहकशा एसटीनं पाड्यावर जाऊन त्यांना परत आणायची.

बोर्डाचा निकाल लागला. रायली, मिसबाह, बहुतेक सगळे पास झाले. झुलाल गणितात गेला.

"शंभर झाले नाहीत," शेठ म्हणाले.

"नाही झाले."

शेठनी प्रवेशाचं रजिस्टर उघडलं. "आठवीच्या प्रवेशाला पाड्यावरनं माणसं आलीत. रायली ज्या शाळेत होती तीच हवी म्हणतात." मग हळूच विचारलं, "त्या पोराचं काय?"

"पुरवणीला बसवते."

ती पाड्यावर गेली तेव्हा झुलालचा बाप दारातच होता. बाहेरच्यांशी तो अहिराणीत बोलायचा. "पोऱ्या केळीना ट्रकवर शे, मॅडम. आते काय शिकाडतस त्याले?"

"येऊ दे त्याला, भाऊ. मी थांबते."

ती ओट्यावर बसली. उन्हं उतरली तेव्हा झुलाल आला, केळीच्या चिकानं हात काळे झालेले. तिला बघून तो मागच्या मागं वळला.

"झुलाल, हात धू आणि वही आण," ती म्हणाली. "उदाहरण तू मला पावरीत सांगायचं. चुकलं तर मला कळणार नाही, म्हणून नीट सांग."

तो हसला आणि घरात शिरला.

पुरवणीत झुलाल काठावर सुटला.