शेवटचे दोन आकडे शून्य

कुठल्या सरकारी कागदानं इतिहासात जायचं आणि कुठल्यानं लगद्याच्या गिरणीत, हे अभिलेखागारात गेली बावीस वर्षं बाई ठरवत आल्या होत्या. बेपत्ता माणसांच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या पोलीस फाइली आल्या, तेव्हा जागा दोन कपाटांची आणि फाइली नऊ हजार. बाईंनीच नियम केला: ज्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे शून्य, ती फाइल ठेवायची, बाकीच्या रद्द. "यात कुणाचा वशिला चालणार नाही," असं त्यांनी समितीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. समितीनं चहा संपवला आणि सह्या ठोकल्या.

मंगळवारी एक गठ्ठा सोडताना त्यांच्या थोरल्या भावाची फाइल निघाली. क्रमांक तेवीसशे सत्त्याण्णव. आत एकच कागद, आईचा अर्ज. 'उंची बेताची, डोक्याला तेल लावत नाही, हाक मारली की लगेच ओ देतो.' खाली कुणा हवालदाराचा शेरा: तपास चालू. चाळीस वर्षं तो चालूच होता.

आता रडू येईल, असं बाईंना वाटलं. आलं नाही. त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शेजारी बसलेल्या बाइंडरनं वाकून आडनाव वाचलं आणि काय ते ओळखलं. "बाई, चोवीसशेवी काढा नि ही सरकवा तिच्या जागी. कोण विचारतंय?"

बाईंनी चोवीसशेवी उघडली. चांगली जाडजूड होती. एक शिंपी बायकोशी भांडून निघून गेला आणि आठव्या दिवशी मेहुण्याकडे सापडला. शेवटी घरच्यांचं आभाराचं पत्र. म्हणजे उद्या कुणी अभ्यासक आलाच, तर हरवलेली माणसं आठवड्यात घरी येत, एवढंच त्याला कळणार. नियम करताना हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, बाईंच्याही नाही.

दोन्ही फाइली मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या. बाकीच्या आठ हजार नऊशे घरांना अभिलेखागारात बहीण नव्हती. शेवटी त्यांनी शिंप्याला कपाटात लावलं आणि भावाला पोत्यात टाकलं. नोंदवहीतली सही नेहमीसारखीच वळणदार आली. त्याचाच त्यांना राग आला.

घरी हे बोलायचं नाही, असं त्यांनी वाटेत पक्कं केलं होतं. पण आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसलेली दिसली आणि तोंडून निघूनच गेलं.

"आई, दादाची फाइल आज रद्द झाली. मीच केली."

आईनं हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. "काय लिहिलं होतं गं त्यात?"

"तपास चालू."

"आणि आता?"

"आता काही नाही."

आईनं टॉवेल घड्यांच्या थप्पीवर ठेवला. मग वर्गात पोरीनं भीत भीत विचारावं, तसं तिनं लेकीला विचारलं, "मग आता मी वाट बघायची थांबवली, तर चालेल का?"