बुधवारी निघायचं नाही

बूट जागेवर नव्हते. काल माहेरी आल्या आल्या ओसरीच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीला टेकवून नंदाने स्वतःच्या हाताने ठेवले होते. आता तिथे तिच्या नवऱ्याचे, काशिनाथरावांचे बूट तेवढे होते, लेस आत खोचून, आज्ञाधारकासारखे बसलेले. नंदाचं डोकं फिरलं. माणूस इतक्या थराला जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

कारण पाचच मिनिटांपूर्वी चुलीपाशी चहा गाळता गाळता भावजयीने, पुष्पाबाईने, तिला सगळं सांगून टाकलं होतं. "वन्सं, तुमाला म्हणून सांगते. दाजींनी आठ दिस झाले फोन केल्ता ह्यांला. म्हणे, मंगळवारी मुक्कामाला येतो, बुधवारी तिला ठिवून घ्या. बुधवारची लेक कोणी घालवत न्हाई, तीबी गप ऱ्हाईल. जीपचं बी ठरलंय."

नंदा छप्पन्न वर्षांची होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला विषमज्वर झाला, दोन महिने अंथरूण सुटलं नाही, आणि तेव्हापासून सासरी-माहेरी तिच्या नावापुढे एक शिक्का बसला: नंदाला झेपत नाही. ताप गेला, दोन पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, शिक्का काही गेला नाही. तो एकदाचा पुसायचा म्हणून तिने हा बेत काढला होता. राजूरच्या गणपतीला नारळ फोडून निघायचं, तीन दिवस सपाटीचे, तिसऱ्या रात्री पायथ्याला माहेरी मुक्काम, मग अजिंठ्याचा डोंगर चढून माथ्यावरूनच बुलढाण्याच्या हद्दीपर्यंत जायचं. सहा दिवस, शंभरेक किलोमीटर, सगळं पायी, एक पाऊलही गाडीत न ठेवता. सहा महिने ती जालन्याला पहाटे मोती तलावाला फेऱ्या मारत होती. काशिनाथरावही सोबत असत, पण ते निम्म्या वेळा बाकावर बसून त्यांच्या फिरणाऱ्या मंडळींना ह्या मोहिमेची माहिती सांगत असत. ऐकणाऱ्याला वाटावं, बेत त्यांचाच.

आणि शनिवारी निघू, असं ती म्हणत होती ना! शनिवारी निघालो असतो तर माहेरचा मुक्काम सोमवारी पडला असता. पण नाही, शनिवारी बँकेचं काम आहे म्हणाले. पाच वर्षं झाली बँकेतून रिटायर होऊन, कसलं बँकेचं काम? रविवारच का पाहिजे होता ते तिला आता कळलं. नवऱ्याने पंचांग बघून बायकोला अडकवलं होतं, आणि तेही तिच्याच माहेरात, तिच्याच भावाच्या हातून.

ती तडक अंगणात आली. जानेवारीचा महिना, पण हवेचा काही भरवसा राहिला नव्हता. परवा दुपारी उन्हाने पाठ भाजली, काल संध्याकाळी भुरभुर पाऊस, आणि आज डोंगर धुक्यात असा गडप की तिथे डोंगर आहे हे ठाऊक असणाऱ्यालाच दिसावा. काशिनाथराव मफलर गुंडाळून शेकोटीपाशी बसले होते. शेजारी नंदाचा थोरला भाऊ मच्छिंद्र.

"माझे बूट कुठं ठेवलेत?" नंदाने नवऱ्याला विचारलं.

"मी कशाला ठेवू? मला काय माहीत?" काशिनाथराव म्हणाले. "अन् बुटाचं काय घेऊन बसलीस, हवा बघ की. तू आज थांब. मी पुढं होतो, उद्या जीपनं तू मला गाठ. एका दिवसाचा तर प्रश्न."

"एका दिवसाचाच प्रश्न आहे तर तुम्ही थांबा."

मच्छिंद्रने घसा खाकरला. "नंदे, आज बुधवार हाय. बापाच्या घरातून बुधवारी लेक आजवर गेली न्हाई, मंग आज कशी जाऊ देऊ? गाव काय म्हणल मला?"

"दादा, मी सासरी चालले नाही. डोंगरावर चालले."

"उंबरा तर ह्योच वलांडणार ना? बिलकुल न्हाई."

नंदाला रडू येईल की काय असं वाटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. आठ दिवस आधी ठरवून, तिच्या तोंडावर 'बघू, हवा कशी असते' म्हणत हे दोन बाप्ये तिला पोत्यासारखं इकडून तिकडे ठेवणार, आणि वर रीत म्हणून सांगणार. "अनवाणी जाईन," ती म्हणाली. "पण जाईन."

"अनवाणी कशाला?" दारातून पुष्पाबाई म्हणाली. पदराला हात पुसत ती बाहेर आली. "बूट शेजारी कांताबाईच्या वट्यावर हायेत. काल दिवे लागायच्या आधी मीच नेऊन ठिवले."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"परस्थान ठिवलं," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यांचे बूट मंगळवारीच घराबाहीर पडले. म्हंजी वन्सं मंगळवारीच निघाल्या. आज नुसतं पाय जाऊन राह्यले मागून."

"अगं पण..."

"पण काय? बबलूच्या मुलाखतीच्या टायमाला अमावस्या व्हती, तवा त्याचा सदरा आदल्या दिशी मारुतीच्या पारावर कुणी नेऊन ठिवला? तुमीच ना? पोराला चालतं आन् बहिणीला चालत न्हाई?"

प्रस्थान ठेवलं की वार लागत नाही, हे मच्छिंद्रनेच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. तो काठीने शेकोटी उकरत बसला. पुष्पाबाईने नंदाची ओटी भरली, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला, आणि नंदा शेजारच्या ओट्यावर जाऊन बूट घालून उभी राहिली. काशिनाथरावांना आता मागे राहायची सोयच उरली नव्हती. तेही निघाले.

चढ सुरू झाल्यावर नंदा एकटीच पुढे निघाली. नंदाला बोलायचं नव्हतं. ज्याला इतकी वर्षं जेवायला वाढलं त्या माणसाने आपल्यामागे असा फोन करावा, ही गोष्ट तिला पावलापावलाला टोचत होती. धुक्याने भिजलेलं गवत सलवारीला लागून घोट्यापर्यंत ओल आली. मग धुकं फाटलं, दहा मिनिटं कडक ऊन पडलं, तिने स्वेटर काढून पिशवीत कोंबला, आणि तो कोंबते न कोंबते तोच वारा सुटून आभाळ काळं झालं. गारा आल्या. हरभऱ्याएवढ्या, पण कानाला लागत होत्या. एका झुकलेल्या कातळाच्या आडोशाला ती शिरली आणि मागे वळून पाहिलं, तर काशिनाथराव पार खाली होते. एका दगडाला धरून, एक पाय सरळ ठेवून, बाजूबाजूने चढत होते.

ती खाली गेली, त्यांचा दंड धरून त्यांना आडोशाला आणलं. ते बसले. उजवा गुडघा फुगून पँट ताणली गेली होती.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून." ते गारांकडे बघत म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, डोंगर बिलकुल नको. पण तलावावर सगळ्यांना सांगून बसलो होतो."

"मग आठ दिवसांपूर्वी दादाला हे का नाही सांगितलं? माझं नाव का घेतलं?"

"तू थांबलीस की मीही थोडं पुढं जाऊन परत फिरलो असतो. बायकोसाठी, म्हणून." मग ते अगदी सहज, खरं बोलून गेले. "तुझं नाव सांगितलं की कोणी काही विचारत नाही."

नंदाच्या अंगावरून गारांपेक्षा गार काहीतरी गेलं. तिला नागपूरची बदली आठवली. बढती होती, काशिनाथरावांनी नाकारली, नंदाला तिकडची हवा झेपणार नाही म्हणून. तिसऱ्या मजल्यावरचं घर नको, नंदाला जिने झेपत नाहीत. केदारनाथ नको, नंदाला थंडी झेपत नाही. त्या प्रत्येक वेळी तिने अपराधी वाटून घेतलं होतं, उपास केले होते, देवाला विचारलं होतं की माझ्यापायी ह्या माणसाच्या आयुष्याचं वाटोळं का. आणि तिला तर त्यातलं एकदाही कोणी विचारलं नव्हतं. पस्तीस वर्षं हा माणूस तिच्या आजारपणाची चादर स्वतःच्या अंगावर ओढून झोपला होता.

"नागपूरसुद्धा?" तिने विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. तेवढं पुरे झालं.

गारा थांबल्या. उतारभर पांढरा सडा पडला होता आणि त्यावर ऊन आलं होतं. नंदाने फोन काढला, दोन रेघा दिसत होत्या. तिने मच्छिंद्रचा नंबर लावला आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"काय बोलू?"

"आत्ता मला जे बोललात ते."

पलीकडून आवाज आला. काशिनाथरावांनी ओठ ओले केले. "हां, मच्छिंद्र. जीप घेऊन या वर घाटात. इकडं जरा नंदाला..."

नंदाने हात पुढे केला, फोन परत मागितल्यासारखा. तो हात तसाच राहिला. काशिनाथरावांनी एकदा त्या हाताकडे आणि एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"नंदाला काही झालं नाही," ते म्हणाले. "मला झेपत नाही. दिवाळीपासूनच झेपत नाही. मला न्यायला या."

पलीकडून मच्छिंद्रचा आवाज, "आन् नंदी?"

"ती जाणार आहे पुढं."

अर्ध्या तासाने घाटरस्त्यावर जीप आली. नंदाने नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन रस्त्यापर्यंत आणलं, गुडघ्याला फडकं घट्ट बांधलं, भाकरी निम्मी करून त्यांच्या हातात ठेवली. पुढची वस्ती दीड तासावर होती आणि वाट मळलेली होती. मच्छिंद्र खाली उतरला. दाजींना त्याने पुढे बसवलं, आणि मग सवयीने मागचं दार उघडून बहिणीसाठी धरून उभा राहिला. बस म्हणाला नाही, पण दार धरून उभा राहिला.

नंदाने ते दार बाहेरून लावून घेतलं आणि चालायला लागली.